पायानं काढलेला फोटो

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते आणि पुढेही सांगत राहणार आहे. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळापासून भिंतीवर डिग्र्या टांगलेल्या असतात, ते हे ऐकलं की हसतात. लहान मूल पहिल्यांदा चमच्याने जेवलं की हसतात, तसं. हसू देत. त्यांना डिग्री निदान बघायला तरी आयती मिळाली होती. मला ती आधी एका फोटोच्या तावडीतून सोडवावी लागली.

फोटो माझाच होता आणि काढलाही मीच होता. पायानं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, फौंड्रीत साचे भरायचे. आई घरी शिलाई मशीनवर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. मी नववीत होते. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे फुलदाणी. सर फळ्यावर फुलदाणी काढायचे, आम्ही वहीत काढायचो आणि आमची पुरी होईपर्यंत सर पेपर वाचायचे. फुलदाणी नावाची वस्तू मी उभ्या आयुष्यात कुणाच्या घरी बघितली नव्हती. आमच्या गल्लीत फुलं देवाला जायची, डोक्यात जायची, नाहीतर तिरडीवर. भांड्यात पाणी घालून त्यांना बसवून ठेवायची पद्धत नव्हती. पण काढायला सांगितली असती तर डोळे मिटून काढली असती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना झब्बा, खांद्याला झोळी आणि 'अंतरंग' हा शब्द घेऊन आले.

"यंदा फुलदाणी बंद," त्यांनी पहिल्याच तासाला जाहीर केलं. "यंदा तुम्ही स्वतः. आत्मचित्र! तेही छायाचित्रातून. प्रत्येकानं स्वतःचा फोटो स्वतः काढून आणायचा. त्यात तुमचं अंतरंग दिसलं पाहिजे. गॅदरिंगला प्रदर्शन लावायचंय, संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सोत्ताचा फोटो सोत्ता काढायचा म्हंजे हात किती लांब पायजे?"

वर्ग हसला. आता हा प्रश्न कुणी विचारणार नाही. मधल्या काळात सगळ्या जगाचे हात लांब झालेत.

"आन् कॅमेरा, सर?"

"कॅमेरा दुय्यम आहे. दृष्टी महत्त्वाची."

दृष्टी आमच्याकडे भरपूर होती, एकेकाला दोन-दोन डोळे होते. नव्हता तो कॅमेराच. पण पुण्याहून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आमच्या गल्लीत फोटो तीन वेळेला काढायचे. फॉर्मला चिकटवायला, स्थळाला दाखवायला, आणि माणूस थकलं की पुढं-मागं हार घालायला हाताशी असावा म्हणून. त्यामुळे मी घरी येऊन "मला फोटो काढायचाय" म्हटलं, तेव्हा आबांचा भाकरीचा घास हातातच राहिला.

"कशाला? फॉर्म हाय का कुठला?"

"न्हाय. मीच मला बघायचंय. सरांनी सांगितलंय."

"आरसा हाय की."

"आरशातलं शाळंत नेता येत न्हाय, आबा."

"आन् सोत्ताच काढायचा म्हणतीस," आई चुलीपुढून म्हणाली, "मग फोटोवाल्यानं काय करायचं? भजी तळायची?"

नेमकी त्या दिवशी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, आत्ती बसलेली होती. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला चंदगडाकडं दिलेलं. एस.टी.नं यायची ती तांदळाचं गठुळं, काजूची पिशवी आणि एखादं स्थळ घेऊनच. आपण जमवलेली लग्नं ती बोटं मोडून मोजून दाखवायची. त्यातल्या किती जणी सुखानं नांदतात असं विचारलं, की तिला एकदम तंबाखूची डबी सापडायची नाही.

"फोटो?" आत्ती सरसावून बसली. "काढू की! पोरगी पंधराची झाली, एक बी धड फोटो न्हाय तिचा. उद्याच जाऊ. मी हाय न्हवं?"

"आत्ती, शाळंचा हाय त्यो."

"शाळंचा तर शाळंचा. फोटोला काय कळतंय आपण कुठला हाय त्ये?"

मला तो तेव्हा विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं मला आईचा लग्नातला शालू नेसवला. मी म्हटलं, शाळेच्या ड्रेसवरच काढतो. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी तेव्हा 'काढतो, येतो, जातो' असंच बोलायचो, सर 'काढते म्हण' म्हणून थकले होते.) आत्ती दातात टाचणी धरून म्हणाली, "ड्रेसवर कुठलं अंतरंग दिसतंय? गप हुभी ऱ्हा." शब्द तिनं आदल्या संध्याकाळी माझ्याकडून उचलला होता आणि माझ्यापेक्षा चांगला वापरला.

स्टुडिओ पेठेतच कोपऱ्यावर होता. मालक स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेत नसत, कलाकार म्हणवून घेत. आत पडद्यावर रंगवलेलं तळं, त्यात हंस, मागं बर्फाचा डोंगर. कुणीही पेठेतलं माणूस त्या बर्फापुढं घामाघूम होऊन उभं राहायचं. बाजूला कमरेएवढा प्लॅस्टरचा खांब होता आणि त्याच्या माथ्यावर एका जागी रंग उडून पंजाचा आकार झाला होता. पेठेतल्या सगळ्या लेकींनी डावा हात ठेवून ठेवून उडवलेला.

शालूतली पोरगी आणि तिच्या मागं आत्ती, एवढं बघितल्यावर मालकांनी काही विचारलंच नाही. ते सरळ आत गेले आणि आपल्या वडिलांच्या काळातला, काळ्या कापडाचा मोठा कॅमेरा ओढत घेऊन आले. साधा फोटो ते साध्या कॅमेऱ्यानं काढायचे. हा फक्त स्थळाच्या फोटोसाठी निघायचा. मला ते माहीत नव्हतं, आत्तीला माहीत होतं.

"फुल ना, मावशी?"

"फुल. आन् पाय बी दिसू देत. पोरगी धडधाकट हाय म्हणून कळाय पायजे."

"दिसतील की." त्यांनी माझा डावा हात उचलून खांबावरच्या पंज्यात बसवला. बरोबर बसला. "मान हिकडं. एवढी न्हाय. लाजल्यागत. हसू नगो, पर आत्ता हसणार हाईस असं दिसू दे."

"बटण मी दाबणार," मी म्हटलं.

ते कापडातून बाहेर आले. "कसलं बटण?"

"फोटोचं. सरांनी सांगितलंय, सोत्ता काढायचा."

"पोरी, ह्या कॅमेऱ्याला परका हात लागलेला न्हाय. माझ्या वडलांनी दाबलं, त्येंच्या मागं मी दाबतोय. तू दाबणार म्हंजे न्हवरीनं आपल्याच डोस्क्यावर अक्षता टाकून घेतल्यागत झालं."

मी खांब सोडून स्टुलावर जाऊन बसले. कॅमेरा मिळण्याची माझी ही एकच संधी होती आणि आमच्या वर्गात सांगितलेलं काम पुरं न करण्यात माझा कधी नंबर लागला नव्हता. आत्ती माझ्याकडं बघून कंटाळली आणि मालकांकडं वळली. "दाबू द्या की वो. तोंड फुगवून बसली तर फोटोत बी फुगलेलंच येतंय."

हे कलेच्या दृष्टीनं त्यांना पटलं. कॅमेऱ्याला एक लांब नळी होती, तिच्या टोकाला रबराचा फुगा. फुगा दाबला की फोटो निघतो. त्यांनी तो माझ्या उजव्या हातात दिला. लगेच आत्ती ओरडली, "हातात नगो! पावणं म्हंतील, पोरगीला बीपी हाय, मशीन लावूनच फिरती."

"कसलं पावणं?" मी विचारलं.

"फोटो बघणारं सगळं पावणंच की गं," आत्ती म्हणाली.

शेवटी तोडगा निघाला. उजवा पाय पुढं, दिसेल असा. डावा पाय निऱ्यांच्या खाली आणि फुगा त्याच्या टाचेखाली. मालक जमिनीवर बसून निऱ्या सारख्या करत म्हणाले, "जोरात न्हाय. खाली अंडं हाय असं समज." मी अंडं फुटणार नाही इतकी टाच टेकवली. खट झालं. माझं आत्मचित्र निघालं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्या क्षणी लाज होती की टाचेकडं लागलेलं लक्ष, ते बघणाऱ्याला कधीच कळलं नाही. सगळ्यांना लाजच वाटली.

आठवडाभरानं दोन कॉप्या मिळाल्या. फोटोत एक गोरीपान मुलगी खांबावर हात ठेवून उभी होती. माझी उजवी भुवई लहानपणी सायकलच्या पेडलनं फुटलेली; टाके पडलेले, तिथं केस उगवत नाहीत, त्यामुळे ती मधोमध तोडून ठेवल्यासारखी दिसते. जत्रेत हरवले तर आई पोलिसांना तीच खूण सांगणार होती. फोटोतल्या मुलीची भुवई मात्र अख्खी होती.

"भुवई कुठं गेली?" मी विचारलं.

"दुरुस्त केली," मालक म्हणाले. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते हे करायचे. पंक्चर काढल्यागत बोलत होते.

"मी सांगितलं न्हवतं."

"सांगत कोण न्हाय. सगळ्यांची करतो."

एक कॉपी मी घेतली. दुसरी आत्तीनं काजूच्या रिकाम्या पिशवीत घातली. भाचीचा फोटो आत्तीला घरी लावायचा असेल असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

शाळेत सरांनी सगळ्यांचे फोटो टेबलावर मांडले. त्याच स्टुडिओत पोरांसाठी एक कोट होता. तो मागून चिमटे लावून कुणाच्याही मापाचा व्हायचा. उंच, ढांगळ्या पोरांची मनगटं बाहेर आली होती, बारक्यांची बोटं आत गेली होती, पण कोट तोच, वरचं बटण तुटलेलं तेच आणि मागं बर्फही तोच.

"सगळ्या वर्गाचं अंतरंग एकाच कोटात कसं काय?" सर म्हणाले. मग त्यांनी माझा फोटो उचलला. "ही कोण?"

"मी, सर."

त्यांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "भुवई?"

"दुरुस्त झाली."

"बरं. आणि हा तू काढलास?"

"व्हय सर."

"खोटं बोलू नकोस."

"आईशप्पत सर. पायानं काढला."

सर खुर्चीत बसले. पुण्याच्या प्रशिक्षणात त्यांना कलेच्या पुष्कळ अंगांची माहिती दिली होती. पायाचा उल्लेख राहिला असावा. मी निऱ्या, टाच, फुगा, सगळं सांगितलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांनी फोटो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तंत्र तुझं, पण चेहरा तुझा नाही. नापास."

तरी माणूस अगदीच कोरडा नव्हता. सरांच्या मेव्हण्याचा एक छोटा कॅमेरा त्यांच्याकडं पडून होता. त्यात एक सोय होती: बटण दाबून ठेवायचं, पळत जाऊन समोर बसायचं, लाल दिवा लुकलुकतो आणि मग आपोआप फोटो निघतो. सरांनी ठरवलं की हा कॅमेरा पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जाईल. "एकाला एकच फोटो. दुसरा काढलात तर मेव्हण्याला तोंड मला द्यायचंय." माझी पाळी शनिवारी आली. सोमवारी परत द्यायचा होता. मी तो दप्तरात टॉवेलात गुंडाळून घरी आणला.

त्याच संध्याकाळी आबा वाण्याच्या दुकानातून आले. आमचे फोन तिथं यायचे. आत्तीचा आला होता. फोटो चंदगडाकडच्या एका घरी पसंत पडला होता आणि उद्या रविवारी ते पोरगी बघायला येणार होते.

आईनं मशीन थांबवलं. "आन् शाळा? धावी?"

"नुसतं बघून जात्यात," आबा म्हणाले. "बघितल्यानं पोरगी झिजती व्हय?"

आमच्या वर्गातल्या दोघी आठवीत अशाच नुसत्या बघितल्या गेल्या होत्या. त्यांच्या बाकावर आता आम्ही दप्तरं ठेवायचो. लग्नाला मुलगी अठराची लागते असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं, पण ते पुस्तक घरात मी एकटीच वाचत होते. मी आबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "साखरपुडा करायला पुस्तकात न्हाय म्हटलंय का?" मी शोधलं. नव्हतं म्हटलेलं.

रविवारी सकाळी आत्ती पावण्यांना घेऊन उतरली. मुलाचे आई-वडील होते. मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला होता, त्याला रजा नव्हती, म्हणून त्याच्या वतीनं त्याचा फोटो आला होता. आत्तीनं तो आईला स्वयंपाकघरात आणून दाखवला. मी डोकावले. अंगात कोट होता, बाह्या बोटांवर आलेल्या, आणि मागं बर्फाचा डोंगर. चंदगडच्या त्या भर पावसाळी मुलखातही कुणीतरी बर्फ रंगवून ठेवला होता तर. त्या दोन फोटोंचंच लग्न लावलं असतं तर छत्तीसच्या छत्तीस गुण जमले असते. आम्हा दोघांना मध्ये पडायची काही गरज नव्हती.

मी शालू नेसून, पदर घेऊन चहा नेला आणि पाटावर बसले. मुलाच्या वडिलांनी चष्मा घातला. हातातल्या फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले.

"बोलवा की थोरलीला," ते म्हणाले.

"थोरली?" आबा म्हणाले. "थोरली कुठली?"

"ही. फोटोतली."

"अवो हीच की!" आत्ती म्हणाली.

मुलाच्या आईनं फोटो आपल्याकडं घेतला. मग पुढं सरकून अंगठा जिभेला लावला आणि माझी उजवी भुवई खसाखसा चोळली. "जाईना," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"जात न्हाय. टाके हायत," मी म्हटलं.

"उजेडाचा दोष हाय!" आत्तीनं मला दंडाला धरून उठवलं. "हिकडं खिडकीत बघा. हिकडं कशी दिसती बघा."

मुलाच्या आईनं खिडकीत बघितलं. "खिडकीत तर आनिकच दिसाय लागलं की वो. रंग बी फोटोतला न्हाय."

"पोरगी उन्हात सायकल हाणती, म्हणून हुईल तसा—"

"सायकल हाणती?"

आत्तीला तंबाखूची डबी सापडेना.

"फसवाफसवी हाय ही," मुलाची आई म्हणाली. "फोटो एकीचा, पोरगी दुसरी."

"फोटो माझाच हाय," मी म्हटलं. "मीच काढलाय."

"पायानं काढलाय तिनं," दारातून आवाज आला. आई होती. पावण्यांपुढं आई कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली ती एवढंच, आणि तेही एखाद्या बाईनं 'पोरीनं स्वेटर विणलाय' म्हणावं अशा सुरात.

मुलाचे वडील वाकून माझे पाय बघायला लागले. 

तेव्हा मला सुचलं ते धाडस होतं की नुसता वैताग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळा सुटणार असेल तर निदान शाळेचं काम तरी पुरं करून सुटावी असं मनात आलं एवढं आठवतं. मी म्हटलं, "खरा फोटो पायजे न्हवं? आत्ता काढतो." दप्तरातून टॉवेल सोडला, कॅमेरा आईच्या शिलाई मशीनवर ठेवला, बटण दाबलं आणि शालू दोन्ही हातांनी उचलून पळत पाटावर येऊन बसले. लाल दिवा लुकलुकायला लागला.

"ह्ये काय लुकलुकतंय?" मुलाची आई.

"हलू नका. फोटो निघतोय."

"दाबलं कुणी? तिथं तर कोण न्हाय!"

"आगं फुटतंय का काय त्ये," असं म्हणून आत्ती पावण्यांच्या मागं गेली, मुलाच्या वडिलांनी बशी छातीशी धरली, आणि लख्ख उजेड पडला.

मग मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पोरगी लई हुशार हाय," ते म्हणाले.

आमच्याकडं बघायला आलेल्यांनी हे वाक्य उच्चारलं की समजायचं, उठले. पोहे चांगले झाले, घर हवेशीर आहे, पोरगी हुशार आहे, या सगळ्याचा अर्थ तोच. आत्तीनं अजून हात टेकले नव्हते. "हुशार हाय, पर ऐकणारी हाय!"

"ऐकती ते दिसलंच की," मुलाची आई पदर सारखा करत उठली. "पर असं फसवून पोरी खपवायच्या न्हाईत, पावणं. सांगून ठिवतो."

आबा तोपर्यंत बशीतला चहा पीत बसले होते. ते उठले.

"फसवलं म्हणायचं न्हाय," ते म्हणाले. "खपवायला आमी काय भांडी इकतोय? पोरगी एकच हाय माझी, आन् भुवई तसलीच हाय तिची. चुकला असंल तर त्यो फोटो चुकलाय. शाळंचा फोटो हुता, चुकून तुमच्याकडं आला. द्या हिकडं." त्यांनी हात पुढं केला. मुलाच्या आईनं फोटो दिला. "आन् पोरगी बी शाळंचीच हाय. धावी झाल्याबिगर आता कुणाला दाखवत न्हाय."

पुढं कॉलेजात एका निबंधात मी लिहिलं की त्या दिवशी माझ्या वडिलांना मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व पटलं. मला त्या निबंधाला चांगले मार्क मिळाले. खरं सांगायचं तर आबांना काही पटलंबिटलं नव्हतं. आबांना राग आला होता. पण पटलेलं माणूस पुन्हा दुसऱ्याचं ऐकून फिरतं. आबांचा राग फिरत नाही. दहावी झाली, आत्ती नवीन स्थळ घेऊन आली, तिला बघितल्याबरोबर आबांना ते 'खपवायच्या' आठवलं आणि ते म्हणाले, "बारावी झाल्याबिगर न्हाय." बारावीनंतर पुन्हा आली. "पंधरावी झाल्याबिगर न्हाय." आत्तीनं दर वेळी एक स्थळ आणलं, आबांनी दर वेळी मला पुढच्या वर्गात ढकललं. अशा रीतीनं दोघांनी मिळून मला बी.ए. केलं.

तो दुसरा फोटो धुऊन आला तेव्हा सरांनी झोळी खाली ठेवून तो दोन्ही हातांत धरला. मधोमध पाटावर मी, पदर खांद्यावरून घसरलेला, तुटकी भुवई लख्ख दिसतेय आणि चेहऱ्यावर पळून आल्याचा दम. मागं आत्तीचा फक्त एक डोळा. बशी छातीशी धरलेले मुलाचे वडील, 'आ' वासलेली मुलाची आई. आणि एका कडेला आबा. सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते, आबा माझ्याकडं.

"याला म्हणतात अंतरंग," सर म्हणाले.

पण चांगले फोटो मोजकेच निघाले. बोर्ड रिकामे दिसतील म्हणून सरांनी स्टुडिओतले कोटवालेही लावले आणि माझा पायानं काढलेलाही. गॅदरिंगला अध्यक्ष आले. पाटावरच्या फोटोपुढं थांबून त्यांनी विचारलं, "ह्यात विद्यार्थिनी कुठली? आणि हे गृहस्थ कशाला घाबरलेत?" सर अंतरंगाबद्दल बोलायला लागले, तोवर अध्यक्ष पुढं गेले होते. खांबावर हात ठेवलेल्या गोऱ्यापान मुलीपुढं ते थबकले. "वा! ह्याला म्हणायचं फोटो. किती शालीन. पहिलं बक्षीस ह्यालाच द्या."

"होय साहेब," सर लगेच म्हणाले. "तंत्र उत्तमच आहे तिचं."

मी स्टेजवर गेले. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं. नक्कीच थोरलीला शोधत असणार. मग त्यांनी बक्षीस हातात दिलं. ती फुलदाणी होती. उभ्या आयुष्यात बघितलेली पहिली. आईनं तीत पळ्या ठेवल्या.

पदवीदानाच्या दिवशी मी आबांना घेऊन त्याच स्टुडिओत गेले. अंगात भाड्याचा काळा झगा होता, मागून चिमटे लावलेला. दोन हजार साल उलटून गेलं होतं. मालकांचे केस गेले होते आणि स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता, पण बर्फ होता आणि खांबही होता. त्यांनी मला बघताक्षणी ओळखलं. "बीपीवाली! आज कुठल्या पायानं दाबणार?"

"आज तुम्हीच दाबा," मी म्हटलं. "मला दोन्ही हातांनी डिग्री धरायची हाय. पर भुवईला हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत. आई अंबाबाईची शप्पत."

फोटो आला, भुवई अख्खी. "मी न्हाय केली, कॉम्प्युटरनं आपोआप केली," ते म्हणाले. मी फोटो काउंटरवर ठेवला आणि भुवई होती तशी करून द्या म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं व्रण मागत होतं. त्यांनी तो फार मन लावून केला. डाव्या भुवईवर.

मी तिथंच आवाज चढवला. पंधरावी झालेल्या बाईनं एवढं तरी करावंच. पण आबांनी फ्रेम केलेला तो फोटो माझ्या हातातून घेतला आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसली. त्यांना वाचता येत होतं ते बसची पाटी वाचण्यापुरतं. डिग्रीवरचं माझं नाव, म्हणजे माझं आणि मधलं त्यांचं, त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"असू दे," ते म्हणाले. "नाव बराबर हाय."

तो फोटो अजून आमच्या सोप्यात आहे. घरी येणारं नवं माणूस आधी त्याच्याकडं बघतं, मग माझ्याकडं, मग माझ्या भुवईकडं, आणि आबांना विचारतं, "ही थोरली व्हय?"

"एकच हाय," आबा म्हणतात. "शिकलेली."